बोरीबंदर ते पायधुणी : स्थलनामांच्या आधारे एक पदभ्रमण

जुने शहर पाहावयास निघालेल्या मनुष्याच्या हाती बहुधा इमारतींची यादी असते. मुंबईच्या कोट विभागात ती पुरेशीही ठरते. परंतु कोटाच्या उत्तरेस, जेथे बंदराचा देशी व्यापार वाढला त्या वस्तीत, यादीत घालण्याजोग्या इमारती थोड्या आणि विचार करण्याजोगी नावे पुष्कळ आहेत. इतिहासाच्या अभ्यासकाने वाटाड्या न घेता, केवळ स्थलनामे हाती धरून बोरीबंदरापासून पायधुणीपर्यंत एकदा पायी जावे, असे सुचविण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे. त्यास एक सकाळ पुरते.

१६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याकडे जाणारी आगगाडी सुटली ती बोरीबंदराहून. आज तेथे उभे राहिल्यास बंदर कोठेच दिसत नाही. एकोणिसाव्या शतकातील भरावांनी किनारा पूर्वेस सरकविला, आणि प्रिन्सेस डॉक (१८८०), व्हिक्टोरिया डॉक (१८८८) अशा गोद्यांनी जुन्या धक्क्यांचे महत्त्व संपविले. बंदरे गेली, नावे राहिली. बोरीबंदर, मशीद बंदर, चिंचबंदर ही नावे नकाशावर क्रमाने जोडली म्हणजे हरवलेल्या किनाऱ्याची स्थूल रेघ हाती येते.

मशीद बंदरच्या परिसरात सॅम्युएल स्ट्रीट आहे. तेथील बेने इस्रायल समाजाचे प्रार्थनामंदिर १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी स्थापन केले. हा समाज मराठी बोलणारा. आपल्या प्रार्थनामंदिरास तो 'मशीद' म्हणे, आणि स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे परंपरा सांगते. लगतची 'मांडवी' म्हणजे जकातीचे ठाणे. १८९६ मध्ये प्लेगचा पहिला उद्रेक येथेच ओळखला गेला. त्या साथीमुळे १८९८ मध्ये सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि त्याने दाट वस्ती फोडून जो रुंद रस्ता काढला, त्यास गव्हर्नर सँडहर्स्ट यांचे नाव मिळाले. सँडहर्स्ट रोड स्थानकास 'डोंगरी' म्हणावे असा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला. त्याने जुन्या टेकडीची आठवण जागी होईल हे खरे. पण सँडहर्स्टचे नावही प्लेगोत्तर नगररचनेचा पुरावाच आहे, हे विसरता येत नाही.

खरी कसोटी मात्र भेंडीबाजारात लागते. बाजारामागील जागा म्हणून इंग्रज 'बिहाइंड द बझार' म्हणत व त्याचा 'भेंडीबाजार' झाला, ही कथा सर्वत्र ऐकू येते. ध्वनिदृष्ट्या ती अशक्य नाही. 'ब' व 'ह' मिळून 'भ' होणे सहज आहे. परंतु एकटे नाव घेऊन बसले की कोणतीही व्युत्पत्ती जुळविता येते. शेजारची नावे पाहावीत. चिंचबंदरात चिंच आहे, उमरखाडीत उंबर आहे; गिरगावाकडे गेल्यास फणसवाडी लागते. (बोरीबंदरातील 'बोरी' झाडाची की पोत्याची, हा वाद असल्याने ते नाव मी पुराव्यात धरीत नाही.) या मालिकेत भेंडीचे झाड अगदी स्वाभाविक आहे. ही भेंडी भाजीची नव्हे, समुद्रकाठी वाढणाऱ्या वृक्षाची. चिंचबंदराहून उमरखाडीमार्गे चालत आलेल्या माणसास हा निष्कर्ष पायांनीच पटतो. खोलीत बसून इंग्रजी कथाच अधिक चतुर वाटते.

उमरखाडी म्हणजे मुंबई व माझगाव या बेटांमधील खाडी. भरतीचे पाणी आत येई व ते तुडवून आलेला वाटसरू पाय धुई, म्हणून पायधुणी, असे परंपरेने सांगतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वरळीचा बांध घातला गेला, त्याने पश्चिमेकडून आत शिरणारे पाणी अडले आणि मधली दलदल हळूहळू भरून निघाली. 'खाडी' आणि 'धुणी' ही दोन पदे नसती, तर आजच्या गर्दीत येथे दोन बेटे होती यावर कोणाचा विश्वास बसला असता?

भेंडीबाजारात सध्या मोठा पुनर्विकास चालू असून जुन्या चाळी व गल्ल्या नाहीशा होत आहेत. मोठी नावे नकाशांत टिकतील. गल्ल्यांची, वाड्यांची आणि नाक्यांची बोलीतील नावे मात्र तेथील वृद्धांच्या तोंडीच आहेत. ती उच्चारासह, कोणी सांगितली व कोठे सांगितली यांच्या नोंदीसह, आताच टिपली पाहिजेत.