झोनोटिक : नाव गमावूनही टिकलेला मुक्त खेळ

'झोनोटिक' हा प्रथमपुरुषी नेमबाजीचा मुक्तस्रोत संगणकीय खेळ आहे. अशा खेळात खेळाडू पात्राच्या डोळ्यांनीच रणांगण पाहतो. विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्ही प्रणालींवर तो विनामूल्य उपलब्ध आहे. तथापि विनामूल्य खेळ पुष्कळ आहेत. 'झोनोटिक'ची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि पुन्हा वितरित करता येते, हे त्याचे वेगळेपण. किंबहुना याच हक्कातून त्याचा जन्म झाला.

त्याची वंशावळ १९९६ च्या 'क्वेक' या गाजलेल्या खेळापर्यंत पोहोचते. आयडी सॉफ्टवेअर या अमेरिकी कंपनीने डिसेंबर १९९९ मध्ये 'क्वेक'च्या इंजिनाची संहिता जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुली केली. तिच्यातून 'डार्कप्लेसेस' हे सुधारित इंजिन घडले आणि त्यावर उभारलेला 'नेक्सुइझ' २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या जडणघडणीत अनेक स्वयंसेवकांचा हात होता.

मार्च २०१० मध्ये वादाची ठिणगी पडली. मूळ प्रवर्तकांनी गेमिंग कन्सोलवरील व्यावसायिक आवृत्तीसाठी 'नेक्सुइझ' हे नाव इलफॉनिक या कंपनीला वापरू दिले. वर्षानुवर्षे विनामोबदला राबलेल्या अनेकांना हे रुचले नाही. नावावर त्यांचा अधिकार नव्हता. पण जीपीएलखाली एकदा दिलेली संहिता परत घेता येत नाही. तीच संहिता घेऊन त्यांनी वेगळी चूल मांडली आणि तिला 'झोनोटिक' हे नाव दिले. व्यावसायिक 'नेक्सुइझ' २०१२ मध्ये क्रायइंजिन या निराळ्याच इंजिनावर, टीएचक्यू या प्रकाशक कंपनीमार्फत बाजारात आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये टीएचक्यूने दिवाळखोरीचा अर्ज केला.

'झोनोटिक'चा प्राण वेगात आहे. सतत उड्या घेत राहिल्यास धावण्याची गती वाढत जाते. 'ब्लास्टर' हे शस्त्र शत्रूवर फारसे प्रभावी नाही, पण पायाशी डागल्यास त्याच्या धक्क्याने खेळाडू उंच फेकला जातो, आणि कसलेले खेळाडू त्याचा वापर मुख्यतः याचसाठी करतात. बहुतेक शस्त्रांना माऱ्याच्या दोन तऱ्हा आहेत. एकमेकांविरुद्धच्या सरळ लढतींखेरीज प्रतिस्पर्धी संघाचा ध्वज पळवण्याचे आणि निव्वळ शर्यतीचे प्रकारही त्यात आहेत. नवख्याला मात्र पहिले काही दिवस जड जातात, कारण समोरचा खेळाडू दिसेपर्यंत तो निघून गेलेला असतो.

विकास आजही स्वयंसेवकांच्या सवडीने चालतो. जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीचा क्रमांक ०.८.६ होता.