बोहारणीचा हिशेब

आमच्या लहानपणी दुपारच्या निवांत वेळी बोहारीण दारात येऊन बसे. तिच्या पाटीतील लखलखीत पातेल्याकडे आईचे लक्ष असे आणि आईच्या हातातील जुन्या लुगड्याच्या जरीकडे बोहारणीचे. मग तासभर घासाघीस चाले. ‘आणखी एक सदरा टाका, बाई,’ असे बोहारीण म्हणे आणि बहुधा तो सदरा पडेही. त्या सौद्यात एक गंमत असे. पातेल्याची किंमत बाजारात कोणालाही विचारता आली असती. लुगड्याची किंमत मात्र बोहारीण सांगेल तीच. जुने देऊन नवे घेण्याच्या प्रत्येक व्यवहाराचे मर्म या एका गोष्टीत आहे. नव्याचे मोल छापील असते. जुन्याचे मोल देणाऱ्याला, आणि पुष्कळदा घेणाऱ्यालाही, त्या घटकेला ठाऊक नसते.

श्रोतेहो, हा घरगुती व्यवहार विसाव्या शतकात अमेरिकेने एका प्रचंड उद्योगाचा आधारस्तंभ करून टाकला. आपली मोटार ठेवावी की देऊन नवी घ्यावी, हा प्रश्न मालकाच्या मनात आपोआप उगवतो असे आपण समजतो. वस्तुतः त्याची पेरणी विचारपूर्वक करण्यात आली होती.

हेन्री फोर्ड यांनी १९०८ साली ‘मॉडेल टी’ ही मोटार बाजारात आणली आणि १९२७ पर्यंत तोच एक नमुना ते काढीत राहिले. अशा दीड कोटीहून अधिक मोटारी तयार झाल्या. मोटार एकदा घ्यावी आणि ती चालेल तोवर चालवावी, असा तो काळ होता. १९२३ साली जनरल मोटर्सचे अध्यक्ष झालेले आल्फ्रेड स्लोन यांनी मात्र एक गोष्ट हेरली. पहिल्यांदाच मोटार घेणारा गिऱ्हाईक आता संपत चालला होता. यापुढे विकावयाचे ते आधीच मोटार असलेल्या माणसाला. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्यांनी या बदलाची चार कारणे नमूद केली आहेत : हप्तेबंदीची विक्री, जुन्या मोटारीचा मोबदल्यात स्वीकार, बंदिस्त बांधणीची मोटार आणि दरवर्षी निघणारा नवा नमुना. यांतील पहिल्या दोहोंची जोडी मोठी चतुर होती. जुनी मोटार हाच नव्या मोटारीचा पहिला हप्ता ठरला. खिशातून काही न काढता दुकानात शिरता येऊ लागले, आणि चौथ्या कारणाने शिरण्याचे निमित्त दरवर्षी पुरविले.

रोजच्या कामाची मोटार बदलताना निदान गरजेचा आधार घेता येतो. स्पोर्ट्‌स मोटारीच्या मालकाला तोही नाही. दोन माणसे बसणार, सामानाला जागा बेताची. ती घेतली तीच मुळी हौसेने. म्हणून हा प्रश्न तिच्या बाबतीत अगदी उघडा होऊन पुढे येतो. याची परीक्षा पाहण्यास जनरल मोटर्सच्याच शेव्हर्ले विभागाची ‘कॉर्व्हेट’ सोयीची आहे.

जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलातील प्रदर्शनात ती प्रथम लोकांना दिसली. काचतंतूंची काया, सहा सिलिंडरांचे एंजिन. त्या वर्षी केवळ ३०० मोटारी बांधल्या गेल्या. दाराला वर-खाली होणारी काच नव्हती. पावसात पडदे लावून बसावे लागे. १९५५ साली प्रतिस्पर्धी फोर्ड कंपनीची ‘थंडरबर्ड’ सोळा हजारांवर खपली, तेव्हा कॉर्व्हेट जेमतेम ७०० निघाल्या. १९५५ साली तिला आठ सिलिंडरांचे एंजिन मिळाले आणि १९५६ साली खऱ्या काचा आल्या. १९५३ ची मोटार देऊन १९५६ ची घेणाऱ्या गृहस्थास कोणी उधळ्या म्हणू नये. त्याने हौस बदलली नाही. हौस भागविण्याचे साधन सुधारून घेतले.

पण प्रत्येक वर्षाचा नवेपणा असा नव्हता. १९५८ च्या मोटारीच्या बॉनेटवर वारा न घेणाऱ्या खोट्या झडपा कोरल्या गेल्या आणि १९५९ साली त्या पुन्हा काढून टाकण्यात आल्या! एका वर्षी शोभा म्हणून जे विकले, त्याचा अभाव पुढल्या वर्षी शोभा म्हणून विकला गेला.

आता १९६३ सालाकडे येऊ. त्या वर्षीची ‘स्टिंग रे’ ही मोटार नखशिखान्त नवी दिसत होती. परंतु तिची एंजिने १९६२ चीच होती. नवी होती ती हाडे. मागील दोन्ही चाकांना प्रथमच स्वतंत्र निलंबन मिळाले होते, त्यामुळे खडबडीत रस्त्यावर आणि वळणावर ती जुन्या मोटारीहून निश्चित सरस होती. बंद टपाच्या नमुन्यात मागील काचेच्या मधोमध मात्र एक उभा कणा होता. काच त्यामुळे दुभंगली होती. रेखाटन विभागाचे प्रमुख बिल मिचेल यांचा तो लाडका विशेष. अभियंता झोरा आर्कुस-डुंटॉव्ह यांचा त्याला विरोध होता. कारण साधे होते, मागचे नीट दिसत नसे. १९६४ साली कणा गेला आणि काच अखंड झाली.

या एका काचेने पुढे मालकांची बुद्धी पारखली. कोणी मोटारच बदलली. काही मालकांनी तर आपली मोटार जुनी दिसू नये म्हणून तो कणा कापून टाकला आणि १९६४ सारखी अखंड काच बसवून घेतली. कण्याची बंद टपाची मोटार १९६३ या एकाच वर्षी, १०,५९४ इतकीच निघाली होती. आज संग्राहक तिला १९६४ च्या मोटारीहून पुष्कळ अधिक मोल देतात. त्या मालकांनी हाताने कापून टाकला तो नेमका मोलाचाच भाग होता.

यावरून ‘जुने ते सोने’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो मी आवरतो. डुंटॉव्ह यांचे म्हणणे खरे होते. गाडी चालविणाऱ्याला मागचे दिसलेच पाहिजे. त्या कण्याला पुढे मोल आले ते तो टाकाऊ ठरला म्हणूनच, आणि पुढचा बाजार १९६४ साली कोणालाही वाचता येत नव्हता. शिवाय लगेच पुढल्या वर्षी, १९६५ साली, चारही चाकांना चकतीचे ब्रेक आले. वेगाच्या वाहनात ब्रेक सुधारणे ही शोभेची बाब नव्हे, जिवाची बाब होय. उलट १९६८ साली देखणे नवे शरीर आले. पण त्याखालचा सांगाडा १९६३ चाच होता, आणि तो पुढे १९८२ पर्यंत टिकला. १९६७ ची मोटार देऊन १९६८ ची घेणाऱ्याने मुख्यतः कातडी विकत घेतली.

सर्वांत उत्तम नमुना येईपर्यंत थांबावे, असेही कोणी म्हणेल. डुंटॉव्ह एंजिन चालकाच्या पाठीमागे असलेल्या कॉर्व्हेटचे स्वप्न पाहत होते; तसे एक प्रायोगिक वाहन त्यांनी १९६० सालीच सिद्ध केले होते. ते १९७५ साली निवृत्त झाले, १९९६ साली निवर्तले, आणि तशी कॉर्व्हेट विक्रीस आली २०२० च्या नमुन्यात. थांबणाऱ्याचे आयुष्य थांबण्यातच गेले असते.

आमच्या कचेरीत जुने वाहन निर्लेखित करण्याचा प्रस्ताव येतो, तेव्हा ते किती वर्षे चालले, किती धावले आणि दुरुस्तीला किती लागेल, एवढेच विचारले जाते. नवे वाहन कसे दिसते हा रकाना त्या कागदात नाही. सरकारी कागद रूक्ष असतो खरा. पण स्लोन यांच्या चतुराईला तो फसत नाही. हौसेच्या मालकाने तितके रूक्ष व्हावे असे मी म्हणणार नाही. त्याने स्वतःच्या कागदावर एकच रकाना वाढवावा : जे नवे आले आहे, ते हाडांत आले आहे की कातडीत? हाडांत असेल तर जुनी मोटार कृतज्ञतेने द्यावी, आणि पुढे तिची किंमत वाढली तरी हळहळू नये. कारण आपण मोटार चालविण्यासाठी घेतली होती, पुरून ठेवण्यासाठी नव्हे. कातडीत असेल तर आपलीच मोटार धुऊनपुसून फिरावयास बाहेर काढावी.

आमच्या आईने दिलेल्या त्या लुगड्याची जर पुढे काय मोलाची ठरली, ते आम्हांस कधीच कळले नाही. पातेले मात्र अजून घरात आहे, आणि त्यात रोज दूध तापते. सौदा बरा झाला असे म्हणावयास मला तेवढा पुरावा पुरेसा वाटतो.