चर्चची दारे बंद असताना... कॅथॉलिकांची ‘आत्मिक कम्युनियन’

हिमायतनगर (जि. नांदेड) : कॅथॉलिक ख्रिस्ती भाविकांच्या उपासनेचा केंद्रबिंदू म्हणजे मिस्सा. धर्मगुरू वेदीवर भाकर व द्राक्षारस अर्पण करतात, तेव्हा ते ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात, अशी या पंथाची श्रद्धा आहे. या प्रसादाच्या स्वीकारास कम्युनियन म्हणतात. धर्मगुरूशिवाय मिस्सा होत नाही. मग चर्चच बंद झाले, तर भाविकाने काय करावे?

हा प्रश्न २०२० मध्ये साऱ्या महाराष्ट्रापुढे उभा राहिला. करोनामुळे मार्चमध्ये बंद झालेली राज्यातील सर्व प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळी पाडव्याला उघडली. त्यानंतर एप्रिल २०२१ मध्ये ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी खुली झाली. २०२० मध्ये ईस्टरसारखा सर्वोच्च सण घरातच साजरा करावा लागला.

इच्छेचा स्वीकार

यावर चर्चच्या परंपरेत जुना उपाय आहे. प्रत्यक्ष प्रसाद घेणे शक्य नसेल, तेव्हा तो घेण्याची उत्कट इच्छा प्रार्थनेतून व्यक्त करणे, म्हणजे आत्मिक कम्युनियन. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५५१ मध्ये या स्वीकारास मान्यता दिली. अठराव्या शतकातील इटालियन संत आल्फोन्सस लिगोरी यांनी त्यासाठी लिहिलेली छोटी प्रार्थना आजही प्रचारात आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००३ च्या परिपत्रकात या प्रथेचा पुरस्कार केला.

विधी साधा आहे. पापांचा पश्चात्ताप, त्या दिवसाच्या शास्त्रपाठाचे वाचन, ख्रिस्ताला अंतःकरणात येण्याची विनंती, काही क्षण मौन आणि शेवटी आभार. मराठी वाचकाला येथे मानसपूजेची आठवण व्हावी. त्याच वर्षी आषाढी वारीही पायी निघाली नाही. संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि वारकऱ्यांनी घरूनच विठ्ठलाला हात जोडले.

पडद्यावरची मिस्सा

२७ मार्च २०२० रोजी पोप फ्रान्सिस यांनी पावसात भिजलेल्या, निर्मनुष्य सेंट पीटर्स चौकासमोर पवित्र प्रसाद उंचावून जगाला आशीर्वाद दिला. दूरचित्रवाणी व इंटरनेटवरून मिस्सा घरोघरी पोहोचली. मात्र १७ एप्रिलच्या प्रवचनात त्याच पोपनी सावध केले : लोक व संस्कार यांच्याविना चर्च हे खरे चर्च नव्हे, ही अवस्था केवळ संकटापुरती आहे.

अडीचशे वर्षांची प्रतीक्षा

याहून कठोर कसोटी जपानमध्ये लागली. १६१४ च्या बंदीनंतर तेथील ख्रिस्ती समाज हळूहळू धर्मगुरूंना पारखा झाला. बाप्तिस्मा व प्रार्थना त्यांनी गुप्तपणे जपल्या. मिस्सा मात्र नव्हती. १८६५ मध्ये नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये काही जणांनी फ्रेंच धर्मगुरूंपाशी आपली ओळख उघड केली.

मराठवाड्यात औरंगाबाद धर्मप्रांताची स्थापना १९७७ मध्ये झाली. शहरात चर्च जवळ असते. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, वृद्ध वा अंथरुणाला खिळलेल्या कॅथॉलिकांसाठी मात्र वेदीपासूनचे अंतर टाळेबंदीपुरते नसते. धर्मगुरू येईपर्यंत हीच प्रार्थना त्यांचा आधार ठरते. ती प्रसादाची जागा घेत नाही. त्याची ओढ जागी ठेवते.