धावपटूंची टाच : नुसती विश्रांती पुरत नाही

मुंबई मॅरेथॉन २००४मध्ये सुरू झाली आणि लांब पल्ल्याचे धावणे क्रीडापटूंच्या मैदानातून नोकरदारांच्या दिनक्रमात आले. पुण्यात आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३पासून भरत होतीच. २०१२पासून साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातील अर्धमॅरेथॉनही अनेकांच्या वर्षाच्या बेतात जाऊन बसली. चाळिशीत पहिल्यांदा धावण्याचे बूट विकत घेणारी मंडळी आता कोणत्याही टेकडीवर किंवा समुद्रकिनारी सहज भेटतात. त्यांच्या गप्पांत पाच मिनिटांत एक विषय हमखास निघतो आणि तो म्हणजे टाच.

लक्षणे साधारण सारखीच असतात. सकाळी पलंगावरून उतरून पहिले पाऊल टेकवताच टाचेत किंवा तिच्या वर, मागच्या बाजूला कळ येते. दहा-वीस पावले चालले की ती ओसरते. धावताना पहिल्या किलोमीटरला दुखते, मग अंग गरम झाल्यावर दुखणे विसरायला होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते व्याजासकट परत येते. यावर मिळणारे सल्लेही ठरलेले आहेत. घरातील वडीलधारी माणसे तापवलेली वीट आणि रुईचे पान सुचवतात. शेजारी ‘हाड वाढले असेल, एक्स-रे काढा’ म्हणतात. डॉक्टर ‘महिनाभर धावणे बंद’ असे फर्मान काढतात. प्रस्तुत प्रतिनिधीने तिन्ही उपाय इमानेइतबारे केले. सहा आठवड्यांच्या विश्रांतीनंतर टाच अगदी शांत झाली होती. पुन्हा धावायला लागल्यावर आठव्या दिवशी दुखणे जसेच्या तसे हजर झाले.

हा अनुभव अपवादात्मक नाही. विश्रांतीने दुखणे थांबते, पण ज्या कारणाने ते सुरू झाले ते कारण तसेच राहते. किंबहुना ते थोडे बळावतेच.

दुखते नेमके कोठे?

‘टाचदुखी’ या एका शब्दाखाली किमान तीन वेगळ्या व्याधी येतात आणि तिघींचे पथ्य वेगळे आहे. म्हणून प्रथम अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत टाचेमागची जाड दोरी धरून वरून खाली चाचपावे. टाचेच्या हाडापासून सुमारे दोन ते सहा सेंटिमीटर वर दाबल्यावर दुखत असेल, तर ते ॲकिलिस कंडरेच्या मधल्या भागाचे दुखणे होय. कंडरा जेथे हाडाला चिकटते तेथेच, म्हणजे बुटाची मागची कड जेथे घासते त्या जागी दुखत असेल, तर ते जोडावरचे दुखणे समजावे. आणि टाचेच्या तळाशी, किंचित आतल्या बाजूला बोट रुतवल्यावर जीव कासावीस होत असेल, तर तळपायाच्या कमानीला ताणून धरणाऱ्या जाड पट्ट्याचा, म्हणजे प्लांटर फॅसियाचा तो त्रास असतो.

वाढलेल्या हाडाबद्दल येथेच सांगून टाकलेले बरे. एक्स-रेमध्ये टाचेखाली दिसणारा हाडाचा काटा कधीही टाच न दुखलेल्या पुष्कळ माणसांतही आढळतो. काटा दिसला म्हणजे दुखण्याचे कारण सापडले असे होत नाही, आणि तो काढल्याखेरीज बरे वाटणार नाही असेही नाही.

ॲकिलिस ही शरीरातील सर्वांत जाड व बळकट कंडरा. पोटरीचे दोन स्नायू, वरचा गॅस्ट्रॉक्नेमिअस आणि त्याखालचा सोलिअस, तिच्याद्वारे टाचेच्या हाडाला जोडलेले असतात. ग्रीक कथेतील वीर अकिलीस याला त्याच्या आईने स्टिक्स नदीत बुडवताना टाचेला धरले, म्हणून तेवढीच जागा दुबळी राहिली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. फ्लेमिश शरीररचनातज्ज्ञ फिलिप व्हरहेयन यांनी १६९३मध्ये या कंडरेला त्या वीराचे नाव दिले. प्रत्यक्षात हा भाग मुळीच दुबळा नाही. धावताना प्रत्येक पावलागणिक ही कंडरा शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट भार पेलते आणि स्प्रिंगसारखी ताणून-सुटून पुढच्या पावलाला ऊर्जा परत देते. मात्र तिचा रक्तपुरवठा बेताचा आणि तिची दुरुस्तीची गती संथ. हृदय व फुप्फुसे दोन महिन्यांत तयार होतात, स्नायू त्यांच्यामागोमाग येतात. कंडरा मात्र महिनोनमहिने मागे रेंगाळते. ‘दम लागत नाही, मग अंतर वाढवू या’ असे धावपटूला वाटते, ते नेमके याच काळात.

सूज नव्हे, बिघडलेली वीण

अनेक वर्षे या दुखण्याला ‘टेंडिनायटिस’, म्हणजे कंडरेचा दाह, असे म्हटले जाई आणि त्यानुसार दाहशामक गोळ्या दिल्या जात. परंतु जुनाट दुखण्याच्या कंडरेचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले तेव्हा दाहाच्या नेहमीच्या पेशी तेथे फारशा सापडल्या नाहीत. दिसले ते वेगळेच. एरवी सुताच्या लडीसारखे समांतर असणारे कोलॅजेनचे तंतू विस्कटलेले होते. म्हणूनच वैद्यकीय लिखाणात आता ‘टेंडिनोपॅथी’ हा शब्द रूढ झाला आहे. दाह हा या आजाराचा मुख्य भाग नसेल, तर गोळ्यांनी तात्पुरता आराम पडेल, पण वीण सुधारणार नाही, हे ओघानेच आले.

वीण सुधारते ती भाराने. हे कसे कळले त्याची कथा गमतीदार आहे. स्वीडनमधील उमिओ येथील अस्थिशल्यचिकित्सक हाकन आल्फ्रेडसन हे स्वतः धावपटू. १९९०च्या दशकात त्यांचीच कंडरा दुखू लागली. शस्त्रक्रिया करून घ्यावी म्हणून ते वरिष्ठांकडे गेले, तर वरिष्ठांनी कामाचा खोळंबा होईल म्हणून नकार दिला. कंडरा पूर्ण तुटली तर नाइलाजाने तरी शस्त्रक्रिया करतील, अशा त्राग्याने त्यांनी पायरीच्या कडेवर उभे राहून टाच खाली सोडण्याचा जबरदस्त व्यायाम सुरू केला. कंडरा तुटली नाहीच, दुखणेच गेले.

पुढे १९९८मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ हौशी धावपटूंवरील अभ्यास प्रसिद्ध केला. बारा आठवड्यांनंतर पंधराही जण पूर्वीच्या पातळीवर धावू लागले होते. तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या १५ जणांना नेहमीच्या उपचारांचा गुण आला नाही आणि अखेर त्यांची शस्त्रक्रिया करावी लागली. नंतरच्या अभ्यासांत यशाचे प्रमाण इतके उत्तुंग राहिले नाही, हेही नमूद करायला हवे. परंतु कंडरेला भार देऊनच बरे करायचे, हा मूळ विचार टिकला.

पायरीवरचा व्यायाम

जिन्याच्या पायरीच्या कडेवर दोन्ही चवडे टेकवून, कठड्याला धरून उभे राहावे. दोन्ही पायांनी टाचा उचलाव्यात, मग संपूर्ण भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच अगदी सावकाश पायरीच्या पातळीखाली सोडावी. वर येताना पुन्हा दोन्ही पाय वापरावेत. गुडघा ताठ ठेवून पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्या आणि गुडघा किंचित वाकवून तितक्याच, असे दिवसातून दोनदा. दिवसाकाठी १८० वेळा, आठवड्याचे सातही दिवस, बारा आठवडे. सहज जमू लागले की पाठीवर सॅक घेऊन तीत वजन वाढवत न्यायचे.

नोकरी, लोकल आणि घर सांभाळून हे करणे किती जणांना जमेल, ही शंका रास्त आहे. त्यांच्यासाठी दिलासा असा, की २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश अभ्यासात आठवड्यातून फक्त तीनदा, पण जड वजन घेऊन आणि संथ गतीने टाचा उचलण्याच्या व्यायामाचा परिणाम तितकाच चांगला आढळला. ज्यांना व्यायामशाळेची सोय आहे त्यांनी हा मार्ग धरावा.

कंडरा हाडाला जेथे चिकटते तेथे दुखत असेल, तर मात्र टाच पायरीखाली सोडू नये. घोटा जास्त वाकला की कंडरा हाडावर दाबली जाते आणि हा दाबच त्या जागेचा शत्रू आहे. अशांनी व्यायाम सपाट जमिनीवरच करावा. याच कारणाने पोटरी जोरजोरात ताणणे, बराच वेळ उकिडवे बसणे, योगवर्गात अधोमुख श्वानासनात टाचा जमिनीला टेकवण्याचा अट्टहास करणे, हे सारे काही आठवडे टाळावे. बुटात टाचेखाली एखादा सेंटिमीटर उंचीची गादी ठेवल्यास त्या जागेवरचा दाब कमी होतो. ‘ताण दिला की मोकळे वाटते’ म्हणून दिवसातून दहा वेळा भिंतीला पाय लावणारे अनेक जण आपले दुखणे स्वतःच पोसत असतात.

टाचेच्या तळाच्या दुखण्यासाठी याच व्यायामाचे एक रूप आहे. टॉवेलची गुंडाळी करून ती बोटांखाली ठेवायची, म्हणजे बोटे वर वळतात आणि तळपायाचा पट्टा ताणला जातो. मग एका पायावर तीन सेकंदांत टाच उचलायची, दोन सेकंद थांबायचे, तीन सेकंदांत खाली यायचे. हे एक दिवसाआड. २०१४मधील एका अभ्यासात तीन महिन्यांनंतर हा व्यायाम करणारे नुसते ताण देणाऱ्यांपेक्षा बऱ्या स्थितीत होते. वर्षाअखेरीस मात्र दोन्ही गट बरोबरीला आले. शिवाय आपल्या घरांतील थंड, कडक फरशीवर अनवाणी वावरण्याची सवय या रुग्णांना महाग पडते. घरात वापरायच्या मऊ चपला पलंगाशेजारीच ठेवाव्यात, म्हणजे सकाळचे पहिले पाऊल त्यांत पडेल.

किती दुखले तर चालेल?

हा खरा कळीचा प्रश्न. व्यायाम करताना थोडे दुखणारच. दुखले की थांबायचे असे ठरवले तर कोणीच बारा आठवडे गाठणार नाही. स्वीडनमध्येच झालेल्या २००७च्या एका अभ्यासात रुग्णांना उपचारकाळात धावण्याची मुभा दिली होती. अट एवढीच, की शून्य ते दहाच्या मापावर दुखणे पाचाच्या वर जाऊ नये, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते ओसरावे आणि आठवड्यागणिक वाढत जाऊ नये. धावणाऱ्यांची प्रकृती न धावणाऱ्यांपेक्षा मागे पडली नाही. तेव्हा धावतानाच्या दुखण्यापेक्षा दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या वीस पावलांकडे लक्ष द्यावे. कालपेक्षा आज जास्त आखडले असेल, तर कालचा भार जास्त झाला. वहीत रोज एक आकडा लिहून ठेवला तरी महिन्याभरात चित्र स्पष्ट होते.

जोरदार सरावानंतरचा साधारण दीड दिवस कंडरेत बांधणीपेक्षा मोडतोड अधिक होते. म्हणून लागोपाठ दोन दिवस धावू नये. चढावर व वेगाच्या सरावात कंडरेवरचा भार झपाट्याने वाढतो; परत येताना प्रथम अंतर, मग वेग आणि सर्वांत शेवटी टेकडी, हा क्रम पाळावा. पेडर रोडच्या चढणीचा सराव ही अखेरच्या टप्प्यातील गोष्ट आहे. टाचेकडे अगदी पातळ असणारे बूटही एकदम बदलून वापरू नयेत. २००९मध्ये आलेल्या ‘बॉर्न टू रन’ या पुस्तकानंतर अनवाणी धावण्याची लाट उसळली, तेव्हा घाईने जाड बूट फेकून देणाऱ्या अनेकांना पोटरी व कंडरा यांनी जाब विचारला होता.

डॉक्टरांकडे केव्हा?

धावताना मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटले, ‘फट्’ असा आवाज आला आणि त्यानंतर त्या पायाच्या चवड्यावर उभे राहता येईना, तर कंडरा तुटली असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा. टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर असह्य दुखत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो आणि तेथे मात्र विश्रांती हाच उपाय आहे. दोन्ही टाचा एकदम दुखत असतील, सकाळी पाठही तासन्‌तास आखडत असेल, तर संधिवाताच्या दिशेने तपासणी करून घ्यावी. कंडरेवर गाठी जाणवत असतील तर रक्तातील कोलेस्टेरॉल तपासावे. मधुमेहींनी आपल्या आजाराची कल्पना आधीच द्यावी.

आणखी एक कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविके आपल्याकडे लघवीच्या संसर्गापासून जुलाबापर्यंत सर्रास घेतली जातात, कधी कधी चिठ्ठीशिवायही. या गटातील औषधांनी कंडरा दुखावण्याचा, क्वचित तुटण्याचा धोका असतो आणि त्यात ॲकिलिसचा क्रमांक पहिला लागतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८मध्ये त्यांच्यावर ठळक चौकटीत इशारा छापणे सक्तीचे केले. साठीपुढील व्यक्तींना आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांना हा धोका अधिक. अशी गोळी सुरू असताना टाचेत दुखू लागले, तर धावणे थांबवून डॉक्टरांना लगेच कळवावे. कंडरेच्या आत स्टेरॉइडचे इंजेक्शन घेण्याचा मोहही टाळावा. आराम काही आठवड्यांचा आणि कंडरा दुबळी होण्याची भीती मात्र खरी.

दुखणे रेटून नेल्याची किंमत चीनचा अडथळा शर्यतपटू लिऊ शिआंग याच्याइतकी कोणी उघडपणे मोजली नसेल. २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकचा हा सुवर्णपदकविजेता २००८मध्ये बीजिंगच्या घरच्या मैदानावर ॲकिलिसच्या दुखण्यामुळे प्राथमिक फेरीतूनच लंगडत बाहेर पडला. २०१२मध्ये लंडनला तो पहिल्याच अडथळ्यावर कोसळला. कंडरा तुटली होती. हौशी धावपटूसमोर ना पदक असते ना देशाची अपेक्षा, तरीही नोंदणीशुल्क भरले आहे म्हणून दुखरी टाच घेऊन सुरुवातीच्या रेषेवर उभे राहणारे दरवर्षी दिसतात.

मुंबई मॅरेथॉन साधारणपणे जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तेथून बारा आठवडे मागे मोजले, तर ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा येतो. त्या सुमारास टाच दुखू लागली असेल, तर पायरीवरचा व्यायाम आणि बेताचे धावणे जुळवून अर्धमॅरेथॉन गाठता येण्याजोगी आहे. डिसेंबरमध्ये दुखू लागली असेल, तर कमी अंतराच्या शर्यतीत नाव बदलून मिळते का, याची आयोजकांकडे चौकशी करावी.