नेवाशाचा मोक्षपट आणि डेन्मार्कचा लिंबो

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत नातू पुण्याहून नेवाशाला आला, तो आपला संगणक घेऊनच. दुपारी प्रवरेकडून झळा येत आणि हा माजघराच्या अंधारात बसून पडद्यावरच्या दुसऱ्या अंधारात शिरलेला असे. एके दिवशी मी सहज त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. पडद्यावर सगळे काळे आणि करडे. सावलीसारखा एक लहान मुलगा, डोळ्यांच्या जागी दोन पांढरे ठिपके, धुकट रानातून एकटाच चालला होता. चालता चालता गवतात दडवलेल्या लोखंडी सापळ्यात त्याचा पाय पडला आणि त्याचे तुकडे झाले. मी "अरे!" म्हणून ओरडलो. नातू मान न वळवता म्हणाला, "आजोबा, घाबरू नका. तो परत उठतो. कुठे पाय ठेवायचा नाही, ते मेल्यावरच कळतं."

मी आयुष्यभर पोरांना सनावळ्या शिकवल्या. व्हिडिओ गेम या प्रकाराकडे पाहण्याची वेळ कधी आली नव्हती. पण ते वाक्य कानात राहिले, आणि पुढचे काही दिवस मी त्या खेळाविषयी जे मिळेल ते वाचीत बसलो.

खेळाचे नाव लिंबो. कोपनहेगनच्या प्लेडेड नावाच्या एका लहानशा मंडळीने तो केला आणि जुलै २०१० मध्ये तो बाहेर आला. आर्न्ट येन्सेन हा त्याचा मुख्य कर्ता. २००४ च्या सुमारास, एका मोठ्या कंपनीत चित्रे काढण्याची नोकरी करीत असताना, त्याच्या मनात हा अंधारा प्रदेश प्रथम आला. उड्या मारीत, वस्तू ढकलीत, वाटेतली कोडी सोडवीत पुढे जायचे, असा हा प्रकार. कथा म्हणाल तर एका वाक्याएवढी: बहिणीचे काय झाले हे ठाऊक नसलेला एक मुलगा लिंबोत शिरतो. लिंबो म्हणजे ख्रिस्ती कल्पनेतली नरकाच्या काठावरची जागा. बाप्तिस्म्यावाचून मेलेली अर्भके तेथे जातात, असे जुने धर्मशास्त्री मानीत. (या अर्भकांच्या उद्धाराची आशा बाळगण्यास आधार आहे, असे रोमच्या धर्मपंडितांनी २००७ साली लिहून ठेवले.)

परीक्षकांनी खेळाला डोक्यावर घेतले. अनेकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या एका ठिकाणी त्याला शंभरांत नव्वद मिळाले. त्याच्या काळ्या-पांढऱ्या रूपाची तुलना जुन्या जर्मन चित्रपटांशी झाली, आणि पार्श्वसंगीत जवळजवळ नसण्याचीही वाहवा झाली. तक्रारीही होत्या. पंधरा डॉलर घेऊन चार-पाच तासांत संपतो, ही एक. आरंभीच्या रानातला राक्षसी कोळी आणि तिथली भीती मागे पडून उत्तरार्धात नुसती यंत्रे आणि चाके उरतात, ही दुसरी. शेवट तुटक आहे, ही तिसरी: मुलगा काच फोडून पलीकडे पडतो, गवतात बसलेल्या एका मुलीजवळ जातो, ती दचकते आणि पडदा काळा होतो. ती बहीण का, तो जिवंत का, कर्ते सांगत नाहीत.

मला महत्त्वाची वाटली ती चौथी तक्रार. पहिला मृत्यू टाळताच येत नसेल तर खेळाडूचा दोष काय? सापळा दिसत नाही, दोर तुटणार हे कळत नाही, आणि तरी शिक्षा देहान्ताची. कर्त्यांनी स्वतःच आपल्या पद्धतीला ‘प्रयत्न आणि मरण’ असे नाव दिले होते. काहींना यात निर्दयपणा दिसला, काहींना शिकवण. हे वाचताना मला हसू आले, कारण खेळात माणूस पडतो तो कोणाच्या दोषाने, हा वाद आमच्या नेवाशाला नवा नाही. आणि त्या वादात माझे स्वतःचे एक जुने देणे राहिलेले आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी येथल्याच एका समारंभात मी भाषण केले. ज्या गावी पैसाच्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, गीतेवरची टीका सांगितली, त्या गावाने जगाला सापशिडीही दिली, असे मी ठासून सांगितले. सापशिडीचे मूळ रूप मोक्षपट, आणि त्याचे जनक ज्ञानेश्वर! निवृत्तिनाथ आणि ज्ञानदेव भिक्षेला जात, तेव्हा मागे राहिलेल्या सोपान आणि मुक्ताईने काय करावे, म्हणून थोरल्या भावाने हा खेळ रचला, ही गोष्टही रंगवून सांगितली. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतून एक अकरावीतली मुलगी उठली आणि तिने विचारले, "सर, हे ज्ञानेश्वरीत कोणत्या अध्यायात आहे?" परंपरा, लोकश्रुती असे काहीसे पुटपुटून मी पाणी प्यालो.

त्यानंतर मी शोधले नाही असे नाही. ज्ञानेश्वरीत मोक्षपटाचा उल्लेख नाही. अमृतानुभवात नाही. समाधीचे जे अभंग नामदेवांच्या नावावर आहेत, त्यांतही मला तो आढळला नाही. अभ्यासकांनी तारखेसह पाहिलेले जे जुने पट आहेत ते अठराव्या शतकातले. तेरावे शतक आणि ते पट यांच्यामध्ये चारशे-पाचशे वर्षांची दरी पडते, आणि तिच्यावर पूल बांधायला माझ्याजवळ त्या भिक्षेच्या गोष्टीशिवाय काही नव्हते.

पटाचा लेखी इतिहास पाहू गेले तर तो आपल्या बाजूला पुण्यापाशी लागतो. १८१८ नंतर पुण्यात कलेक्टर झालेल्या हेन्री डंडास रॉबर्टसन याने १८३१ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीला एक पट भेट दिला. ‘शास्त्र्यांचा स्वर्ग-नरकाचा खेळ’ असे त्याचे नाव. पुराणांच्या वंशावळींवर ज्याने जन्म घालवला त्या पार्जिटरने १९१६ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात या खेळावर टिपण लिहिले. ऑक्सफर्डच्या अँड्र्यू टॉप्सफील्डने १९८५ मध्ये निरनिराळे पट एकत्र मांडून दाखवले: जैनांचे ८४ घरांचे, वैष्णवांचे ७२ आणि त्याहून अधिक घरांचे, सूफींचे १०० घरांचे. पुढे भांडारकर संस्थेच्या ग्रंथालयात हयात घालवलेल्या वा. ल. मंजूळ यांना रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहात मराठी मोक्षपट सापडले. पहिले घर जन्म, शेवटचे मोक्ष, आणि खेळायला कवड्या.

या शोधाच्या मागे एक डॅनिश चौकशी होती, हे मला उशिरा कळले. याकोब श्मिट-मॅडसन या अभ्यासकाने पश्चिम भारतातील ज्ञानचौपडीवर प्रबंध लिहिला आणि २०१९ मध्ये तो कोपनहेगन विद्यापीठाला सादर केला. ज्या शहरात तो मुका मुलगा सापळ्यांत पडून उठत होता, त्याच शहरात कोणी तरी आमच्या पटावरच्या सापांचा हिशेब मांडीत होता. यातून काही सिद्ध होत नाही. पण नातवाच्या पाठीमागे उभे राहून मी पाहिले ते मला पट उघडून बसायला लावणारे ठरले, एवढे खरे.

७२ घरांचा जो पट हरीश जोहारी यांच्या इंग्रजी पुस्तकामुळे सर्वत्र गेला, तो मी कागदावर आखला. (तो उत्तरेकडचा आहे, नेवाशाचा नव्हे, त्यावरून ज्ञानदेवांविषयी काही ठरवता येणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.) येथे जिंकायचे घर शेवटचे नाही. वैकुंठ ६८ व्या घरात आहे आणि त्याच्या पलीकडे अजून चार घरे आहेत. ३७ व्या घरात ज्ञान. तेथून शिडी निघते ती ६६ व्या घरी, आनंदात पोचवते. वैकुंठ दोन घरे उरते. ५४ व्या घरातली भक्ती मात्र थेट वैकुंठात नेते. इतपत कोणाही वैष्णवाने केले असते. गंमत १७ व्या घरात आहे. तेथे दया आहे आणि तिची शिडी पटावरची सर्वांत लांब: एकदम ६९ व्या घरी, ब्रह्मलोकात. म्हणजे दयाळू माणूस वैकुंठाच्या एक घर पुढे निघून गेला! मागे येता येत नाही. पुढे ७० आणि ७१ वर सत्त्व आणि रज, आणि ७२ वर तमोगुणाचा साप, जो ५१ व्या घरी, पृथ्वीवर आणून टाकतो. आता मोजा. ५१ पासून तीन घरांवर ५४. ब्रह्मलोकातून पडलेल्याला तीनाचे दान पडले की तो भक्तीच्या पायरीशी उभा.

हे योगायोगाने झाले असेल असे मला वाटत नाही. कोणी तरी अनामिक माणूस घरे मोजत, कदाचित अनेक रात्री, पुसत आणि पुन्हा आखत बसला असला पाहिजे. बहिणीला शोधणाऱ्या त्या मुलाच्या वाटेवर सापळा नेमका कोठे ठेवायचा, हे ठरवणाऱ्या येन्सेनच्या मंडळींनी दुसरे काय केले?

पण दोन्ही खेळांत पडण्याचा न्याय अगदी वेगळा आहे, आणि येथे माझे मत परीक्षकांहून थोडे निराळे आहे. लिंबोतला मुलगा अज्ञानाने पडतो. एकदा कळले की तो सापळा ओलांडतो, आणि पुन्हा पडला तर दोष खेळणाऱ्याच्या बोटांचा. पटावर कळून उपयोग नसतो. अहंकाराचा साप ५५ व्या घरात, भक्तीला खेटूनच, आहे हे डोळ्यांना दिसत असते, आणि कवड्या तेथेच नेतात. जेथे खेळणाऱ्याला काही ठरवायचेच नाही तो खेळ कसला, असे हल्लीचे लोक सापशिडीविषयी म्हणतात, आणि इंग्रजांनी घरांची नावे पुसून टाकल्यावर उरलेल्या सापशिडीविषयी ते बरोबरही आहे. १९४३ साली अमेरिकेत साप काढून घसरगुंड्या घातल्या, तेव्हा तर तो निव्वळ दानांचा खेळ झाला. नावे असताना मात्र गोष्ट वेगळी होती. दान पडल्यावर घराचे नाव मोठ्याने वाचायचे, आपण कशाने पडलो हे सर्वांसमक्ष उच्चारायचे, यात खेळाडूला करण्यासारखे पुष्कळ होते. माझ्या मते लिंबो हा खेळ म्हणून सरस आहे आणि पट हा मजकूर म्हणून. त्या चौथ्या तक्रारीला पटाजवळ उत्तर आहे, लिंबोजवळ नाही.

राहिली ती भिक्षेची गोष्ट. रूढ जन्मवर्षे धरली तर १२९० साली ज्ञानदेव पंधरा वर्षांचे आणि मुक्ताई अकरा वर्षांची. लोकांनी वाळीत टाकलेली, आईबाप गेलेली चार मुले. त्यांतल्या धाकट्या बहिणीसाठी भाऊ खेळ रचतो. ही गोष्ट कोणी आणि केव्हा जुळवली मला ठाऊक नाही, पण का जुळवली हे त्या पडद्यावरच्या मुलाकडे पाहून थोडेसे कळले. इतिहास म्हणून ती मला आता सांगता येणार नाही. मागे ज्या समारंभात सांगितली होती, त्याच्या चालकांना मी या वैशाखात पत्र लिहून तसे कळवले आहे. ती मुलगी आता कोठे असते, कोणास ठाऊक. नाही तर पहिले पत्र तिलाच गेले असते.

सुट्टी संपण्याच्या आदल्या रात्री वीज गेली. नातवाने मग माझा कागदी पट पुढे ओढला, आणि देवघरातल्या पेटीतून आम्ही कवड्या काढल्या. तो तिसऱ्याच डावात दयेवर चढला, ब्रह्मलोकात पोचला आणि आरडाओरडा करून सर्वांना उठवले. वैकुंठ मागे राहिले हे त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. "आजोबा, हे चीटिंग आहे," तो म्हणाला. मी त्याच्या हातात कवड्या दिल्या आणि म्हटले, "टाक."