खचलेलं अंगण

गेल्या महिन्यात आमची सौ. मागच्या अंगणात अडखळून पडली. मनगट मुरगळण्यावर निभावलं. दोष माझाच. कोबा खचला की दरवेळी मी वर सिमेंटचा एक थर टाकून घ्यायचो. झालं काम!

या वेळी मुलाने सगळं फोडायला लावलं. मी खुर्ची टाकून बसलो. जन्मभर इतिहास शिकवला, आता आपल्याच घराचं उत्खनन! वर २०१५चा थर. त्याखाली २००६चा. मग बोटभर गाळ.. तो २६ जुलै २००५चा. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता आणि इकडे उल्हास, वालधुनी पात्राबाहेर आल्या होत्या. गाळाखाली १९८८चा मूळ कोबा, आणि त्याखाली हात जाईल एवढी पोकळी. पागोळ्यांचं पाणी भिंतीलगत मुरत राहिलं आणि न ठोकलेला भराव बसत गेला. मी वर ओझं वाढवत होतो.

पूर्वी कोबा म्हणजे घाणीत मळलेला चुना आणि विटांचे तुकडे. तो बडवून बडवून घट्ट करावा लागे. १८२४ साली इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. पुढे ते आपल्याकडेही आलं आणि बडवणं मागे पडलं. ओतलं की झालं. पण खालच्या मातीला ठोकणं चुकत नाही, हे आम्ही विसरलो.

आमच्या अंबरनाथचं शिवमंदिर शिलाहार राजा मम्वाणीच्या काळचं, शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ. स. १०६०. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं. सहलीला नेलेली मुलं हमखास विचारायची, "सर, देऊळ खचलं का?" मी सांगायचो, "नाही रे, तो मुद्दाम खोल बांधलाय." वालधुनीच्या काठी इतकी शतकं ते उभं आहे. माझं अंगण पस्तीस-चाळीस वर्षांतच खचलं!

मग सैल माती काढली. अर्ध्या अर्ध्या फुटाचे थर देऊन, पाणी मारून, धुम्मसाने ठोकले. वर दगडांचं सोलिंग, चार इंच काँक्रीट, उतार भिंतीपासून बाहेर. सात दिवस पाणी मारलं.

आठव्या दिवशी सौ.ने तांब्याभर पाणी ओतलं. ते सरळ गटाराकडे गेलं. "आता पास," ती म्हणाली.

मंडळी, तुमच्याकडे खचलं असेल तर आधी काठीने ठोकून बघा. आवाज पोकळ आला तर वर थर टाकू नका.