शून्य कुठे धरायचं? तानसाच्या पातळीपासून मुरबाडच्या सीएमएमपर्यंत

आपल्या शहापूर तालुक्यातल्या तानसा तलावाची पूर्ण भरल्याची पातळी मुंबई महापालिकेच्या तक्त्यात १२८.६३ मीटर अशी असते. पावसाळ्यात तलाव किती भरला हे आपण रोज वाचतो. पण हे मीटर समुद्रसपाटीपासूनचे नाहीत, ते ‘टाउन हॉल डेटम’पासूनचे आहेत. मुंबईच्या टाउन हॉलच्या नावाने ओळखलं जाणारं हे शून्य समुद्रसपाटीच्या सुमारे २४ मीटर खाली आहे. तेव्हा पाणी तेच, भिंत तीच, फक्त आकडा वेगळा.

आता समुद्रसपाटी तरी एकच आहे का? १९०९ मध्ये हिंदुस्थानभरच्या लेव्हलिंगचं जाळं जुळवलं, तेव्हा मुंबई, कारवार, कराची, मद्रास अशा नऊ बंदरांवरची सरासरी समुद्रपातळी शून्य धरली. वारे, प्रवाह, पाण्याचा खारेपणा यांमुळे ती सगळीकडे नेमकी सारखी नसते. तरी नऊही ठिकाणी शून्यच, असं ठरवून बाकीचं जाळं त्याला बसवलं. जो फरक होता तो जाळ्यात मुरला. मला या गोष्टीत सर्वेक्षकांचा दोष दिसत नाही. कुठेतरी शून्य ठोकल्याशिवाय मोजणी सुरूच होत नाही.

हाच प्रश्न मुरबाडच्या एमआयडीसीत किंवा आसनगावच्या एखाद्या शेडमध्ये मिलिमीटरच्या शंभराव्या भागात उभा राहतो.

सारवलेल्या जमिनीवर पाट ठेवून बघा. जमिनीचे जे उंचवटे असतात त्यांवरच तो टेकतो, खड्ड्यांशी त्याला देणंघेणं नसतं. वर्कशॉपमधली सरफेस प्लेट तशीच. जॉब तिच्यावर ठेवला की जॉबचे उंच बिंदू टेकतात आणि तोच डेटम. हाइट गेज लावणाऱ्या माणसाला यात कसलं गणित करावं लागत नाही.

सीएमएमचा प्रोब मात्र जॉबला टेकवत नाही, शिवत जातो. त्याच्याकडे येतात फक्त बिंदू. त्या बिंदूंतून प्रतल कसं काढायचं हे सॉफ्टवेअर ठरवतं, आणि पुष्कळदा ते ‘लीस्ट स्क्वेअर्स’ असतं. ही युक्ती धूमकेतूंच्या कक्षा काढताना लजांद्रने १८०५ मध्ये छापली, नंतर गाऊसने ती आपण आधीपासून वापरत होतो म्हणून वाद घातला. मोजणीतल्या चुका दोन्ही बाजूंना विखुरलेल्या असतील तर मधून रेघ काढा, असा तिचा हिशेब. पण जॉबचा खळगा ही मोजणीची चूक नाही, तो खराखुरा खळगा आहे!

उदाहरण घेऊ. चौकोनी तळ आहे, मधोमध ०.०५ मिमी आत दबलेला. चार कोपरे आणि मध्य, असे पाच बिंदू घेतले. प्लेटवर चार कोपरे टेकतील, डेटम तिथे. लीस्ट स्क्वेअर्सचं प्रतल मात्र पाचांची सरासरी घेऊन ०.०१ मिमी आत जाईल. ड्रॉइंगवर छिद्राची उंची ४० अधिक-उणे ०.०२. प्लेटवरून ३९.९८५ आली, म्हणजे पास. मशीन त्याच जॉबला ३९.९७५ म्हणेल, म्हणजे रिजेक्ट. उलटही होतं. प्लेटवर ४०.०२५ येणारा जॉब नापास, तर मशीनवर ४०.०१५, पास. मधले बिंदू वाढवले की आकडा आणखी हलतो. ऑपरेटरने काही चुकीचं केलेलं नाही आणि मशीनही बिघडलेलं नाही.

पन्नासच्या दशकात स्कॉटलंडमध्ये फेरांटीने अशी यंत्रं बनवायला सुरुवात केली, तेव्हा हे फारसं टोचत नव्हतं. सत्तरच्या दशकात डेव्हिड मॅकमर्ट्रींचा स्पर्शाने सिग्नल देणारा प्रोब आला. त्याचा जन्म कॉन्कॉर्डच्या इंजिनाच्या नळ्या मोजण्याच्या अडचणीतून झाला. बिंदू घेणं सोपं झालं, संगणक जोडला गेला आणि निर्णय माणसाच्या हातातून सॉफ्टवेअरच्या पोटात गेला.

ऑगस्ट १९८८ मध्ये अमेरिकेत उद्योगांना एक इशारा गेला, वॉकर अलर्ट या नावाने तो ओळखला जातो. काही सीएमएम सॉफ्टवेअरची उत्तरं भरवशाची नाहीत, असं त्याचं सांगणं. मग गडबड उडाली. तिथल्या राष्ट्रीय मानक संस्थेने सॉफ्टवेअरची गणितं तपासण्याचा कार्यक्रम हाती घेतला, आणि १९९४ मध्ये ड्रॉइंगच्या चिन्हांचे अर्थ गणितात लिहिणारं अमेरिकन मानक निघालं.

त्यातही पेच होता. तळ पोटाने फुगीर असेल तर जॉब प्लेटवर डुगडुगतो. मग कुठल्या बाजूला टेकलेला धरायचा? १९९४ च्या मानकाने सांगितलं, सगळ्या शक्य जागा मान्य, एकीत बसला तरी पास. माल बनवणाऱ्याला हे सोयीचं. २०१९ च्या आवृत्तीने एकच उत्तर ठरवलं. प्रतल पदार्थाच्या बाहेरच राहील, आत घुसणार नाही, या अटीवर त्यातल्या त्यात लीस्ट स्क्वेअर्स. युरोपकडचं आयएसओ ५४५९ प्रतल बाहेरूनच टेकवतं, पण वर्गांच्या बेरजेऐवजी सर्वांत मोठं अंतर कमीत कमी ठेवतं. दोन मानकं, एकच जॉब, आकडे वेगळे येऊ शकतात.

म्हणून पुरवठादाराचा माल परत आला की आधी विचारायचं ते हे, की ड्रॉइंगवर कुठलं मानक लिहिलंय, दोघांच्या मशीनवर कुठलं फिट लावलंय आणि तळावर किती बिंदू घेतलेत. रिपोर्टवर ४० च्या पुढचे तीन अंक ठळक छापलेले असतात. फिट कुठलं ते बहुधा छापलेलंच नसतं, सेटिंगमध्ये जाऊन शोधावं लागतं.